टॅब भरलाय? काही पुसायच्या आधी हा क्रम पाळा

आमच्या अभ्यासिकेत मुलांसाठी अकरा टॅब आहेत. सगळे अँड्रॉइडचे, बहुतेक ३२ जीबीचे, दोन-तीन ६४ जीबीचे. त्यांची देखभाल माझ्याकडे आहे. आजवर तीन टॅब मरता मरता वाचले आणि एक गेला. चारही वेळा सुरुवात एकाच गोष्टीने झाली, स्टोरेज काठोकाठ भरलं. पण नुकसान झालं ते त्यानंतरच्या घाईत. कुणी आधी पुसलं आणि मग बॅकअपचं बघितलं, कुणी जागा शून्यावर असताना टॅब बंद करून चालू केला, कुणी 'कॅश' (अ‍ॅपच्या तात्पुरत्या फाइल) ऐवजी 'स्टोरेज' साफ केलं.

या तिसऱ्या चुकीत राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका ताईच्या चौदा महिन्यांच्या हाताने लिहिलेल्या नोट्स गेल्या. नोट्सचं अ‍ॅप उघडलं तर स्क्रीनवर फक्त 'नवीन वही तयार करा' एवढंच. ती दहा मिनिटं तशीच बसून होती. बटण दाबणाऱ्या मुलाने ते चांगल्या हेतूनेच दाबलं होतं. म्हणून हा लेख लिहितोय. यातली एकही पायरी अवघड नाही, लोकांचा क्रम चुकतो.

## आधी एवढंच समजून घ्या

टॅबमधली साठवण फ्लॅश चिपवर असते. या चिपवर लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही, ती जागा आधी कोरी करावी लागते. आणि कोरं करताना एक पान, म्हणजे चिपवर लिहिण्याचा सर्वांत छोटा तुकडा, वेगळं काढता येत नाही, शेकडो पानांचा अख्खा गठ्ठा एकदम कोरा करावा लागतो. त्या गठ्ठ्यात काही पानं अजून कामाची असतील, तर ती आधी दुसरीकडे उतरवून घ्यायची आणि मग गठ्ठा पुसायचा.

माळ्यावरचा मागचा डबा काढायचा तर पुढचे डबे खाली ठेवायला जागा लागते. खोली मोकळी असेल तर पाच मिनिटांचं काम. खोलीत पाय ठेवायला जागा नसेल, तर एकेक डबा चार वेळा इकडून तिकडे करावा लागतो. भरलेल्या टॅबच्या आत दिवसभर हेच चालू असतं. तुम्ही एक छोटी फाइल साठवता आणि चिपला त्याच्या कितीतरी पट लिखाण करावं लागतं. म्हणून कीबोर्ड उशिरा उघडतो, स्क्रीन अडकते, कॅमेऱ्याचं बटण दाबल्यावर फोटो पडायला तीन सेकंद लागतात.

आयुष्याचा प्रश्नही इथूनच येतो. चिपचा प्रत्येक गठ्ठा ठरावीक वेळाच कोरा करता येतो. आजकाल सर्रास वापरल्या जाणाऱ्या टीएलसी प्रकारात हा आकडा साधारण एक ते तीन हजारांच्या घरात असतो. झीज सगळ्या गठ्ठ्यांवर सारखी वाटली जावी याची काळजी चिपचा कंट्रोलर घेतो, पण त्यालाही हालचाल करायला मोकळी जागा हवी. जागा कमी म्हणजे तेवढ्याच वापरात झीज जास्त. एका आठवड्यात टॅब मरत नाही, पण वर्षानुवर्षं ९८ टक्के भरलेला टॅब त्याच वयाच्या मोकळ्या टॅबच्या आधी थकतो. स्वस्त टॅबमधल्या ईएमएमसी चिपला हे जास्त लागू आहे. महागड्या टॅबमधली यूएफएस चिप वेगवान असते, त्यामुळे तिथे त्रास उशिरा जाणवतो.

आणखी एक गोंधळ मिटवू. दुकानात आणि घरात आपण रॅम आणि स्टोरेज दोन्हींना 'मेमरी'च म्हणतो. रॅम म्हणजे काम करायचं टेबल, स्टोरेज म्हणजे कपाट. या लेखात फक्त कपाटाचं बोलतोय. 'मेमरी क्लीनर' नावाची अ‍ॅप टेबल पुसतात आणि कपाट साफ केल्याचा आव आणतात.

सावधान: 'जागा संपत आली' ही सूचना येईपर्यंत थांबू नका. मूळ अँड्रॉइडमध्ये ही सूचना एकूण जागेच्या ५ टक्के किंवा ५०० एमबी, यांतलं जे कमी असेल त्याला येते. म्हणजे ३२ जीबीचा टॅब असो की १२८ जीबीचा, ५०० एमबी उरल्यावरच बोंब होते. तोवर चिपचा श्वास कधीच कोंडलेला असतो.

माझा ठोकताळा असा आहे: ३२ जीबीच्या टॅबवर ५ ते ६ जीबी, ६४ वर १० ते १२, १२८ वर १८ ते २० जीबी कायम मोकळे ठेवायचे. हा काही नियम नाही, पण आमचे टॅब या रेषेच्या वर असले की तक्रार येत नाही.

## तयारी

दुसऱ्या दिवशी परीक्षा किंवा प्रवास असेल तर हे काम काढू नका. एक मोकळी संध्याकाळ आणि त्यानंतरची रात्र लागते.

टॅबला चार्जर लावून ठेवा. गुगल खात्याचा पासवर्ड माहीत आहे का ते बघा. बोटाचा ठसा किंवा पॅटर्न नाही, खरा पासवर्ड. तो न वापरून वापरून विसरलेला असतो आणि गरज नेमकी टॅब रिसेट झाल्यावर पडते. रिसेटनंतर टॅब जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि तो नसेल तर पुढे जाऊ देत नाही.

बॅकअपसाठी संगणक किंवा ओटीजी (पेनड्राइव्ह टॅबला जोडायची छोटी पिन) लावून पेनड्राइव्ह घ्या. पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर जाणार नाही, दोन तासांचं व्हिडिओ रेकॉर्डिंग हमखास अडतं. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलात तर ही मर्यादा जाते, फक्त टॅब तो प्रकार वाचतो का ते आधी एक छोटी फाइल टाकून बघा. फॉरमॅट करताना पेनड्राइव्हवरचं सगळं जातं हे लक्षात ठेवा.

आणि एक वही-पेन. खरंच. दुसऱ्या टप्प्यात त्याचं काम आहे.

## टप्पा १: भरणं थांबवा

बादली गळतीखाली ठेवून रिकामी करण्यात अर्थ नाही. आधी नळ बंद करा.

१. प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर टॅप करा, सेटिंग्जमध्ये नेटवर्क प्राधान्यं बघा आणि अ‍ॅप आपोआप अपडेट होणं तात्पुरतं बंद करा.

२. व्हॉट्सअ‍ॅप असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' उघडा. मीडिया आपोआप डाउनलोड होण्याच्या तिन्ही ओळींमधल्या, म्हणजे मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंगमधल्या, सगळ्या खुणा काढा. बहुतेक लोक मोबाइल डेटाची काढतात आणि वाय-फायची विसरतात. टॅब तर चोवीस तास वाय-फायवरच असतो.

३. टेलिग्रामवरही तेच करा. अभ्यासाच्या चॅनलवर रोज येणाऱ्या पीडीएफ आणि व्हिडिओ नुसते स्क्रोल केले तरी उतरत राहतात.

४. सिस्टिम अपडेटची सूचना दिसत असेल तर आत्ता हात लावू नका.

सावधान: जागा कमी असताना सिस्टिम अपडेट सुरू करणं ही या सगळ्यातली सर्वांत महाग चूक आहे. अपडेटला उतरायला जागा लागते, उलगडायलाही लागते. चांगला टॅब 'जागा नाही' म्हणून थांबतो. जुना किंवा स्वस्त टॅब कधी कधी अर्ध्यात अडकतो आणि लोगोच्या पुढे जात नाही. आमचा सात नंबरचा टॅब असाच गेला.

## टप्पा २: कशाने भरलंय ते लिहून काढा

सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' उघडा. सॅमसंगच्या टॅबवर ते 'डिव्हाइस केअर'च्या आत सापडतं. वर एकूण आणि वापरलेली जागा दिसेल, खाली अ‍ॅप, चित्रं, व्हिडिओ, ऑडिओ, कागदपत्रं, सिस्टिम अशी वाटणी.

वहीत तीन गोष्टी लिहा. आत्ता किती जागा मोकळी आहे. प्रत्येक विभाग किती जीबीचा आहे. आणि 'अ‍ॅप' विभाग आकारानुसार लावून वरची आठ अ‍ॅप कोणती. मग प्रत्येक अ‍ॅपवर टॅप करून त्यातलं अ‍ॅप किती, डेटा किती, कॅश किती हे वेगळं लिहा.

हे कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक टाळतात आणि सरळ गॅलरीत जाऊन फोटो पुसायला लागतात. तासभर बसून चारशे फोटो पुसतात, मोकळी होते जेमतेम दीड जीबी. आणि तिकडे क्लासच्या अ‍ॅपमध्ये पाहून झालेली ११ जीबीची लेक्चरं पडून असतात. ती गॅलरीत दिसत नाहीत, फाइल मॅनेजरमध्येही दिसत नाहीत, कारण अ‍ॅपच्या आतल्या डाउनलोडचा हिशेब 'डेटा'त धरला जातो. यूट्यूबची ऑफलाइन साठवण, गाण्यांची अ‍ॅप, नकाशांचे ऑफलाइन भाग, सगळ्यांचं असंच.

तपासणी: वहीतल्या आठ अ‍ॅपची बेरीज करा. बहुतेक टॅबवर भरलेल्या जागेचा मोठा हिस्सा तीन-चार अ‍ॅपमध्येच सापडतो. सापडला की काम निम्मं झालं.

## टप्पा ३: जागा १ जीबीपेक्षा कमी असेल तरच

मोकळी जागा १ जीबीच्या वर असेल तर हा टप्पा सोडून द्या.

इतक्या कमी जागेत अ‍ॅप धडाधड बंद पडतात, कारण त्यांना आपल्या नोंदी लिहायलाही जागा मिळत नाही. बॅकअप घेतानाही तेच होईल. म्हणून आधी श्वास घेण्यापुरती जागा करा, आणि तीही फक्त अशाच गोष्टी काढून, ज्या पुन्हा सहज मिळतील. डाउनलोड केलेला सिनेमा, यूट्यूबचे ऑफलाइन व्हिडिओ, एखादा मोठा गेम. गेमची प्रगती खात्याशी जोडलेली नसेल तर मुलांना विचारून मगच. घरातली भांडणं टाळायला एवढं बास.

दीड-दोन जीबी झाले की थांबा. इथे मोह होतो की आता हात लागलाच आहे तर सगळंच साफ करू. तसं करू नका, बॅकअप अजून झालेला नाही.

सावधान: जागा जवळपास शून्य असेल तर टॅब रीस्टार्ट करू नका. 'बंद करून चालू कर' हा सल्ला एरवी चांगला असतो, पण सुरू होताना सिस्टिमला स्वतःच्या फाइल लिहाव्या लागतात. तेवढीही जागा नसेल तर टॅब लोगोवर फिरत राहू शकतो, आणि मग आतलं काहीच हाती लागत नाही.

## टप्पा ४: बॅकअप, आणि बॅकअप झाल्याची खात्री

या टप्प्याला सगळ्यांत जास्त वेळ द्या.

फोटो आणि व्हिडिओ. गुगल फोटोजचा बॅकअप चालू आहे एवढ्यावर विसंबू नका. तीन ठिकाणी फसगत होते. पहिली, मोफत मिळणारे १५ जीबी हे फोटो, ड्राइव्ह आणि जीमेल मिळून असतात. ते भरले की बॅकअप थांबतो, आणि थांबल्याची सूचना आपण कधीच सरकवून टाकलेली असते. दुसरी, मुळात फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचाच बॅकअप होतो. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो, स्क्रीनशॉट, डाउनलोड हे फोल्डर आपण स्वतः चालू करावे लागतात. तिसरी, चालू असलेला बॅकअप आणि पूर्ण झालेला बॅकअप यांत फरक आहे. अ‍ॅपमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर टॅप करा आणि 'बॅकअप पूर्ण' असं लिहिलेलं दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

फाइल. टॅब केबलने संगणकाला जोडा. टॅबवर आलेल्या सूचनेवर टॅप करून 'फाइल ट्रान्सफर' निवडा, नाहीतर संगणकाला फक्त चार्जिंग चालल्यासारखं वाटतं आणि फोल्डर रिकामं दिसतं. डाउनलोड, कॅमेऱ्याचं, रेकॉर्डिंगचं आणि कागदपत्रांचं फोल्डर कॉपी करा. व्हॉट्सअ‍ॅपचा मीडिया नव्या अँड्रॉइडमध्ये 'अँड्रॉइड' फोल्डरच्या आतल्या 'मीडिया'त असतो, म्हणून जुन्या जागी शोधणाऱ्यांना तो गायब झाल्यासारखा वाटतो.

कॉपीच करा. कट करून पेस्ट करू नका. मध्येच केबल हलली, संगणक झोपला किंवा लाइट गेली, तर कट केलेली फाइल दोन्हीकडे नाही अशी अवस्था येते.

अ‍ॅपच्या आतल्या वस्तू. ताईच्या नोट्स याच जागी गेल्या. हाताने लिहायची अ‍ॅप, चित्रं काढायची अ‍ॅप, घरखर्चाच्या नोंदी, आवाजाची रेकॉर्डिंग, यांतली बरीच सगळं टॅबवरच ठेवतात. प्रत्येक अ‍ॅप उघडा, त्याच्या सेटिंग्जमध्ये 'एक्सपोर्ट', 'बॅकअप' किंवा 'सिंक' शोधा. काहीच नसेल तर महत्त्वाच्या वह्या पीडीएफ करून बाहेर काढा. एकेक करून. वेळ लागतो, लागू द्या.

तपासणी: संगणकावरच्या आणि टॅबवरच्या फोल्डरमध्ये फाइलची संख्या जुळते का बघा. मग संगणकावरून पाच फाइल उघडा: एक जुना फोटो, एक नवा, एक लांब व्हिडिओ शेवटापर्यंत सरकवून, एक पीडीएफ, एक रेकॉर्डिंग. क्लाउडवरचं तपासायला दुसऱ्याच फोनवरून खात्यात जा. त्याच टॅबवर बघितलं तर टॅबवरचीच प्रत दिसते आणि खोटं समाधान मिळतं. पेनड्राइव्ह काढताना 'इजेक्ट' करूनच काढा.

## टप्पा ५: आता पुसा, पण या क्रमाने

जे पुन्हा मिळू शकतं ते आधी, जे एकमेव आहे ते शेवटी. बहुतेक वेळा शेवटापर्यंत जायची गरजच पडत नाही.

१. पाहून झालेली डाउनलोड. क्लासच्या अ‍ॅपमध्ये जाऊन त्याच्याच डाउनलोडच्या पानावरून लेक्चरं पुसा. बाहेरून 'स्टोरेज साफ करा' दाबून नव्हे. तसं केलं तर लॉगिन जातं, आणि काही क्लास एका वेळी एकाच उपकरणावर लॉगिन देतात, मग परत मिळवायला फोन करत बसावं लागतं.

२. व्हॉट्सअ‍ॅप. 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये 'मॅनेज स्टोरेज' उघडा. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या आणि खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या फाइल वेगळ्या काढलेल्या असतात. सुप्रभातचे व्हिडिओ इथे एकगठ्ठा सापडतात. पण सगळं एकदम निवडू नका, त्यातच कुणाच्या तरी बारशाचा व्हिडिओ असतो.

३. टेलिग्राम. 'डेटा अँड स्टोरेज'मध्ये 'स्टोरेज युसेज' उघडून कॅश साफ करा. चॅनलवरच्या फाइल टेलिग्रामच्या सर्व्हरवर राहतात, हव्या तेव्हा परत उतरवता येतात. तिथेच मीडिया किती दिवस ठेवायचा हेही ठरवता येतं, आम्ही आठवडा ठेवतो. एखादं चॅनल बंद पडण्याची शक्यता वाटत असेल तर त्यातल्या कामाच्या पीडीएफ आधी बाहेर काढा.

४. न वापरलेली अ‍ॅप. प्ले स्टोअरमध्ये अ‍ॅप 'अर्काइव्ह' करायची सोय आहे. अ‍ॅपचा मोठा भाग निघतो, तुमचा डेटा राहतो. पूर्ण काढून टाकण्याआधी हा पर्याय बघा.

५. फोटो. हे सगळं झाल्यावर, आणि बॅकअपची तपासणी झाली असेल तरच.

सावधान, फोटोंबाबत: गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो निवडून 'डिलीट' दाबलंत तर तो टॅबवरूनही जातो आणि क्लाउडवरूनही, म्हणजे तुमच्या फोनवर दिसणाराही जातो. तुम्हाला हवं असतं ते 'या डिव्हाइसवरची जागा मोकळी करा'. हे बटण फक्त बॅकअप झालेल्या फोटोंची टॅबवरची प्रत काढतं. दोन्ही बटणं एकाच अ‍ॅपमध्ये आहेत आणि दोन्ही 'जागा करतात', म्हणूनच घात होतो.

सावधान, कॅशबाबत: अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर दोन बटणं शेजारी शेजारी असतात. 'कॅशे साफ करा' म्हणजे तात्पुरत्या फाइल जातात, त्या अ‍ॅप पुन्हा बनवतं. 'स्टोरेज साफ करा', ज्याला जुन्या टॅबवर 'क्लिअर डेटा' म्हणतात, म्हणजे अ‍ॅप आजच बसवल्यासारखं कोरं होतं. आतल्या नोट्स, लॉगिन, डाउनलोड, सगळं जातं. तिथे कचरापेटी नाही आणि पूर्ववत करायची सोयही नाही. दुसऱ्याच्या टॅबवर हे बटण दाबायचा अधिकार आपल्याला नाही, असं मी आता अभ्यासिकेत मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो.

कॅशही रोज साफ करू नका. अ‍ॅप ती पुन्हा लिहिणारच, म्हणजे चिपवर फुकटचं लिखाण वाढतं आणि अ‍ॅप उघडायलाही उशीर होतो. एखाद्या अ‍ॅपची कॅश दोन-तीन जीबीवर गेली असेल तर साफ करा, एरवी राहू द्या.

## टप्पा ६: कचरापेट्या रिकाम्या करा

'एवढं पुसलं तरी जागा तेवढीच' ही तक्रार इथे सुटते. पुसलेलं आधी कचरापेटीत जातं आणि तिथेही जागा अडवतं. कचरापेटी एक नसते. सॅमसंगच्या गॅलरीची वेगळी, तिथे वस्तू ३० दिवस राहतात. 'फाइल्स' अ‍ॅपची वेगळी. गुगल फोटोजची वेगळी, तिथे बॅकअप झालेल्या वस्तू ६० दिवस आणि न झालेल्या ३० दिवस राहतात.

माझी पद्धत अशी: कचरापेटी रिकामी करण्याआधी एकदा वरपासून खालपर्यंत नजर टाकायची. दोन मिनिटं लागतात. मागच्या दिवाळीत यातच एका मुलाच्या आजीचा एकुलता एक व्हिडिओ सापडला होता.

तपासणी: पुन्हा 'स्टोरेज' उघडा आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघा. वर दिलेल्या ठोकताळ्यापर्यंत पोचला नसाल तर टप्पा २ ची यादी पुन्हा काढा. दोन जीबी मोकळे झाले म्हणून इथेच उठलात तर महिन्याभरात परत हेच करावं लागेल.

## टप्पा ७: रीस्टार्ट आणि एक रात्र

आता टॅब रीस्टार्ट करा. आता ते सुरक्षित आहे.

मग रात्री चार्जरला लावा, स्क्रीन बंद करा आणि सकाळपर्यंत हात लावू नका. फाइल पुसली की सिस्टिमच्या हिशेबात जागा लगेच मोकळी दिसते, पण 'ही पानं आता नकोत' हा निरोप चिपपर्यंत बऱ्याचदा नंतर पोचतो. त्या निरोपाला ट्रिम म्हणतात. अँड्रॉइड ४.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, ही सोय आहे आणि टॅब चार्जिंगवर असून कुणी वापरत नसताना ती आपोआप चालते. निरोप मिळाल्यावर चिप गठ्ठे कोरे करून ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी लिहायला जागा तयार असते.

म्हणून साफसफाई झाल्या झाल्या टॅब हलका वाटला नाही तर निराश होऊ नका. आणि वेग तपासणारी अ‍ॅप लगेच पळवू नका, ती चाचणीसाठी चिपवर भरमसाट लिहितात. खरा फरक दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो.

आता राहिलेलं सिस्टिम अपडेट करायचं. चार्जर लावून, बॅकअप हाताशी ठेवून. मग अ‍ॅपची अपडेट पुन्हा चालू करा.

## टप्पा ८: परत भरू नये म्हणून

डाउनलोडला शिस्त लावा. आमच्याकडे नियम आहे: पाच लेक्चरं उतरवायची, ती पाहून झाली की पुसायची, मग पुढची पाच. अख्खा विषय एकदम उतरवायचा नाही.

सेटिंग्जमध्ये 'रॅम प्लस' किंवा अशाच नावाची वाढीव रॅमची सोय असेल तर ती बघा. ती स्टोरेजमधले काही जीबी रॅमसारखे वापरते. म्हणजे जागाही जाते आणि चिपवर लिखाणही वाढतं. ३२ जीबीच्या टॅबवर ती बंद ठेवावी असं माझं मत आहे. अ‍ॅप थोडी लवकर बंद होतील, तेवढं चालतं.

मेमरी कार्ड घालणार असाल तर फोटो, व्हिडिओ, पीडीएफसाठी घाला. काही टॅब कार्ड 'अंतर्गत स्टोरेज' म्हणून फॉरमॅट करायचा पर्याय देतात. अँड्रॉइड ६ पासून ही सोय आहे, पण जपून. तसं केल्यावर कार्ड त्या टॅबपुरतं कुलूपबंद होतं. काढून संगणकाला लावलं तर वाचता येत नाही, आणि कार्ड बिघडलं तर त्यावरची अ‍ॅपही जातात. अ‍ॅप ठेवायचीच असतील तर कार्डावर 'ए१' किंवा 'ए२' अशी खूण बघून घ्या, ती छोट्या छोट्या फाइल पटापट वाचण्या-लिहिण्याची खूण आहे. बाजारात ५१२ जीबी छापलेली आणि आत ३२ जीबी असलेली नकली कार्डंही फिरतात. नवं कार्ड आधी संगणकावर पूर्ण भरून, फाइल परत उघडून बघा, मगच त्यावर काही सोपवा.

## आयपॅड असेल तर

क्रम तोच, नावं वेगळी. सेटिंग्जमध्ये 'जनरल' आणि त्यात 'आयपॅड स्टोरेज'. तिथे अ‍ॅप 'ऑफलोड' करता येतं, म्हणजे अ‍ॅप निघतं पण त्यातला डेटा राहतो. 'डिलीट' मात्र दोन्ही नेतं. पुसलेले फोटो 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये साधारण ३० दिवस राहतात. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर आयपॅडवरून पुसलेला फोटो आयफोनवरूनही जातो. जागा करायची असेल तर पुसण्याऐवजी 'ऑप्टिमाइझ आयपॅड स्टोरेज' चालू करा. कार्ड घालायची सोय नाही, त्यामुळे घेतानाच जागा जास्त घेतलेली बरी.

## सगळं करूनही टॅब तसाच असेल तर

जागा मोकळी आहे, रात्रभर चार्जरवर ठेवलाय, तरी अडकतोय. आता दोन शक्यता. एक, रॅमच अपुरी आहे. दोन जीबी रॅमचा टॅब आजची अ‍ॅप ओढू शकत नाही, मग कपाट रिकामं करून टेबल मोठं होत नाही. अशा टॅबवर हलकी अ‍ॅप ठेवा आणि एका वेळी एकच काम करा.

दुसरी शक्यता म्हणजे चिपच थकली आहे. ती ओळखायची एक साधी चाचणी आहे. एक नको असलेला फोटो काढा, गॅलरीतून पुसा, कचरापेटीतूनही पुसा, टॅब रीस्टार्ट करा. तो फोटो जिवंत होऊन परत आला, किंवा आज बदललेला वॉलपेपर उद्या जुनाच दिसला, तर चिप लिहिणं थांबवून फक्त वाचू देते आहे.

असं दिसलं तर त्याच क्षणी, इतर काहीही न करता, वाचता येतंय तोवर सगळं संगणकावर उतरवून घ्या. फॅक्टरी रिसेट करू नका. रिसेटने चिप दुरुस्त होत नाही, उलट अर्ध्यात अडकला तर वाचता येणारंही जातं. दुरुस्तीवाल्याकडे नेलात तर 'सॉफ्टवेअर मारून देतो' याला लगेच हो म्हणू नका, आधी चिपचं विचारा. स्वस्त टॅबवर चिप बदलायचा खर्च बहुधा परवडत नाही.

चिप ठीक असेल आणि तरीही रिसेट करायचंच ठरवलं, तर टप्पा ४ पुन्हा पहिल्यापासून करा, आधी घेतलेला बॅकअप असला तरी. मधल्या आठ दिवसांत ताईने आणखी एक वही लिहिलेली असते.